काठीवरचं शून्य

६ जून

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. सहा वर्षांनी पत्र लिहितेय, तेव्हा आधी अभिनंदन करते, बाकीचं मागाहून. तुझं पुस्तक आमच्या कॉलेजला लागलं. काल शिपाई पंचवीस प्रतींचा गठ्ठा ऑफिसात आपटून गेला, तर सगळ्यात वरच्या प्रतीवर तुझा फोटो. केस बरेच पिकलेत. हसताना डावा ओठ मात्र अजून तसाच वर जातो, आईच्या डब्यातलं काही गुपचूप उचललं की जायचा तसा.

आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना कॅल्क्युलसची धास्ती वाटू नये म्हणून रोजच्या जगण्यातली उदाहरणं घेऊन लिहिलेलं पहिलंच पुस्तक, असं मागे छापलंय. पहिलंच. वाचून बरं वाटलं.

माझं विचारशील तर मी आहे तिथेच आहे. मुलींचं हॉस्टेल, तळमजल्यावरची खोली, स्वयंपाकघराची ती आपोआप मिटणारी खिडकी, तिला लाकडाचा तुकडा लावला की वारा येतो. मुली मला मावशी म्हणतात. शनिवारी चार वाजता गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, आमचा वर्ग अजून भरतो. सध्या एकोणीस जणी आहेत. कुणी इतिहासाची, कुणी भाषेची, दोघी अकाउंट्सच्या, एक नर्सिंगची. सगळ्यांना गणिताचा एक पेपर सक्तीचा आहे आणि त्या एका पेपरापायी सगळ्यांच्या नाकी नऊ आलेत. मी त्यांना फळा दाखवत नाही. टाकी दाखवते, तापाचा तक्ता दाखवते, जेवणाची रांग दाखवते. किती आहे ते नंतर, आधी किती वेगाने बदलतंय ते बघा म्हणते. तुला हे ओळखीचं वाटेल.

आता नोटीस. पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबरच ती बोर्डावर लागली. विषयाला मान्यताप्राप्त पुस्तक मिळालं आहे, सबब पुढच्या सत्रापासून पदवीधर शिक्षकच तो शिकवतील, आणि वसतिगृहाच्या गच्चीवरचे अनधिकृत वर्ग बंद करण्यात येत आहेत. वीस ऑगस्टला नव्या अभ्यासक्रमाचं उद्घाटन, प्रमुख पाहुणे तू. म्हणजे तुझ्या हातून फीत कापली जाईल आणि त्याच कात्रीने माझा वर्ग.

मी रागावलेली नाही. वर शाईचा डाग पडलाय तो पेन जुनं आहे म्हणून.

माझी निळी वही तुझ्याकडेच आहे ना? आई गेली तेव्हा आठ दिवस राहिलास आणि जाताना म्हणालास, "ताई, शुद्धलेखन तपासून देतो." सहा वर्षांत तपासून झालं असेल, तर पाठव.

तुझी ताई


२१ जून

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, पण तुझं पुस्तक वाचून झालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

दुसऱ्या धड्यात आजारी मुलीच्या तापाचा तक्ता आहे. ती मुलगी कोण ते तुला ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे. तिच्या उशाशी बसून दर अर्ध्या तासाला मी तो लिहिला होता. ताप किती हे थर्मामीटर सांगतो, ताप कुठे निघालाय हे रेघ सांगते, हे वाक्यही तू तसंच ठेवलंस. तिसऱ्या धड्यात गार होत जाणारी पाण्याची बादली. चौथ्यात टाकी: सकाळी सहाला १४२, सातला १३१, आठला १०९, नऊला ९८, दहाला ९३. आंघोळीची घाई सात ते आठमध्ये असते, म्हणून पातळी तिथेच सगळ्यात वेगाने उतरते. सगळं माझ्या वहीतलं. माझे आकडे, माझ्या मुलींच्या आंघोळी.

प्रस्तावनेत तेवीस जणांचे आभार आहेत. टायपिंग करणाऱ्याचे आहेत, मुखपृष्ठवाल्याचे आहेत. शेवटी "आणि नावे राहून गेलेले अनेक". मी त्या अनेकांत आहे असं धरून चालते. जागा जरा अडचणीची आहे, पण मला अडचणीत राहायची सवय आहे.

आपल्या घरात गणित कसं आलं ते आठवतं का? तू पाठ करायचास आणि मी समोर पुस्तक धरून पडताळायची. शाळा माझी तोवर सुटली होती. मला सुरुवातीला फक्त एवढंच कळायचं की तू म्हणतोस ते आणि छापलंय ते एक आहे की नाही. पडताळता पडताळता समजायला लागलं. तुझी परीक्षा झाली की तू पुस्तकं फेकायचास आणि मी ती उचलायची. तेव्हा पडताळायची सवय जुनी आहे, धाकट्या. तुझ्यावरच लागलेली.

म्हणून सांगते. तुझ्या पुस्तकात एक चूक आहे. छपाईची नाही. एका जागी तू असं काही लिहिलंयस की ते जगात घडूच शकत नाही. तीन आवृत्त्या निघाल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. कुठे आहे ते मी सांगणार नाही.

आणखी एक. वहीत आकड्यांच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात मी एक छोटी मोडकी रेघ काढली होती. तू ती प्रत्येक धड्याच्या शेवटी नक्षी म्हणून छापलीस. छान दिसते.

गुडघा कसा आहे? तेल लावतोस का?

ताई


९ जुलै

धाकट्या,

सहा वर्षांत आला नाही तो फोन गेल्या आठवड्यात आला, आणि तोही हॉस्टेलच्या ऑफिसात, कारण माझा नंबर तुझ्याकडे नव्हता. एका ओळीचं हे फळ. म्हटलं, आधीच चुकीबद्दल लिहायला हवं होतं.

फोनवर जे झालं ते पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे उद्या तू वेगळं आठवायला नको.

तू म्हणालास, "ताई, दोन सहायक बसवले. सगळे डेरिव्हेटिव्ह पुन्हा काढले. एक स्वल्पविराम सोडून काही सापडलं नाही."

मी म्हटलं, "मग स्वल्पविराम दुरुस्त कर."

"थट्टा करू नकोस. पान किती ते सांग. पुढच्या आवृत्तीत तुझे आभार मानतो. वेगळ्या ओळीत."

मी म्हटलं, "आभार नकोत. मुखपृष्ठावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव, आणि प्राचार्यांना दोन ओळींचं पत्र, की गच्चीवरचा वर्ग चालू ठेवा. पान लगेच सांगते."

तू म्हणालास, "तुझ्याकडे पदवी नाही, ताई. प्रकाशक मला हसेल."

बघ, तोवर मी खरंच मऊ पडत आले होते. आवाज ऐकला की मऊ पडते, ती खोड जुनी. पण त्या वाक्यावर मी फोन ठेवला, खाली आले आणि तीन बादल्या स्वच्छ असताना पुन्हा घासल्या.

त्या शनिवारी वर्गात तुझं पुस्तक नेलं. पोरींना सांगितलं, ह्यात एक चूक आहे, सत्र संपायच्या आत शोधा. जिला सापडेल तिने मला सांगायचं नाही, पोटात ठेवायचं.

नर्सिंगवाली म्हणाली, "मावशी, पोटात ठेवायचं तर शोधायचं कशाला?"

मी म्हटलं, "बाहेर काढायची वेळ येईल."

"बक्षीस काय?"

"महिनाभर आंघोळीला पहिला नंबर."

एवढ्यावर एकोणीसच्या एकोणीस पुस्तकावर तुटून पडल्या. तुझ्या पुस्तकावर इतकं प्रेम अजून कुणी केलं नसेल.

त्यांतली एक इतिहासवाली आहे. सगळ्या तिला त्याच नावाने हाक मारतात. गणितात दोनदा नापास. तिसऱ्यांदा झाली तर घरचे परत नेणार आहेत, बिछाना बांधून ठेवा म्हणून निरोपही आलाय. वर्गात शब्द बोलत नाही. पण त्या दिवशी सगळ्या गेल्यावर तीच मागे राहिली, टाकीच्या भिंतीला पाठ लावून, पुस्तक मांडीवर, आणि म्हणाली, "मावशी, इतिहासात आधी विचारतात की हे लिहिणारा तिथे होता का. गणितात विचारतात का?"

मी म्हटलं, "विचारायला हवं."

गच्ची बंद झाली तर ह्या पोरीला कुठे बसवू, ते तुझ्या सहायकांना विचारून कळव.

ताई


१२ ऑगस्ट

धाकट्या,

उद्घाटनाची पत्रिका मिळाली असेल. त्यात थोडा बदल आहे. प्राचार्यांच्या डोक्यात कुठून आलं कुणास ठाऊक, पण नुसतं भाषण ठेवण्याऐवजी पाहुण्यांनी आपल्या पुस्तकातलं उदाहरण प्रत्यक्ष करून दाखवावं, आणि टाकीचं उदाहरण पुस्तकात आहेच, टाकी गच्चीवर आहेच, तेव्हा तिथेच करावं, असं ठरलंय. संस्थेच्या अध्यक्षबाईही वर येणार आहेत. त्यांना कल्पना फार आवडली.

टाकीला लोखंडी शिडी आहे, चौदा पायऱ्या. गुडघ्याला आठ दिवस तेल लाव, कोमट करून. गुळगुळीत तळव्याचे बूट घालू नकोस. मागे आलास तेव्हा पायजमा मळेल म्हणून तू शिडीला हातसुद्धा लावला नव्हतास. खालूनच म्हणालास, "ताई, तू आकडे सांग, मी ऐकतोय." ह्या वेळी चढावं लागेल.

मापाची काठी मी पुसून ठेवलीय. तीच जुनी. आकडे फिके झाले होते, पण वाचता येतात.

चूक सापडली का? आठ दिवस आहेत. माझी अट तीच आहे, आणि फोनजवळ कुणीतरी असतं.

ताई


२३ ऑगस्ट

धाकट्या,

तू जेवण न करता गेलास. तुझं ताट दोन तास झाकून ठेवलं होतं, मग नर्सिंगवालीला दिलं.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. तरी माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहिते, कारण मी कठड्याशी उभी होते आणि तू बहुतेक वेळ माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तू चांगला चढलास. सातव्या पायरीवर एकदा थांबलास, ते फक्त मला कळलं. वर गेल्यावर झाकण सरकवलंस, काठी आत सोडलीस, तळाला टेकवलीस, आणि भाषणाच्या आवाजात म्हणालास, "एकशे सतरा. टाकी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला साठ लिटर. एकशे सतरा गुणिले साठ, सात हजार वीस लिटर. बघा, गणित तुमच्या डोक्यावरच उभं होतं." टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनीही वाजवल्या. मीही वाजवल्या, ते खरंच सांगते.

मग तू विचारलंस, "कुणाला काही शंका?"

आणि इतिहासवालीने हात वर केला. चूक तिला सापडलीय हे मला माहीत नव्हतं. पोटात ठेवा म्हटलं होतं, तिने ठेवलं होतं.

"सर, काठीवर शून्य कुठं आहे?"

तू हसलास. डावा ओठ वर. "शून्य खालच्या टोकाला असतं, बेटा."

"बघाल का, सर?"

तू काठी वर ओढलीस. पाणी तुझ्या पँटवर निथळलं. टोकाकडे पाहिलंस, डोळ्यांजवळ धरलंस, चष्मा वर केलास. टोकाला शून्य नव्हतं. बारा होतं.

सांगते आता. ती काठी तुझ्या भेटीच्याही कितीतरी आधी टाकीच्या झाकणात अडकून खालून मोडली. बारा सेंटिमीटरचा तुकडा निघाला. नवी काठी मिळायला अर्ज लागतो, मी म्हटलं काय गरज आहे, वाचायचं आणि बारा काढायचे. माझ्या वर्गात मुलगी आली की पहिल्या दिवशी हेच शिकते: आधी बारा काढा. वहीत मी आकडे काठीवर दिसले तसे लिहायची आणि कोपऱ्यात मोडकी काठी काढायची, आठवण म्हणून. तुझी नक्षी.

चौथ्या धड्यात तू बचावलास, कारण तिथे पातळी किती वेगाने उतरली एवढंच काढायचं होतं. एकशे एकतीसमधून एकशे नऊ गेले तरी बावीस, आणि दोन्हीतून बारा आधीच काढले तरी बावीसच. वजाबाकीत बारा आपसात मरतात. म्हणून तुझे सहायक महिनाभर डेरिव्हेटिव्ह काढत बसले आणि त्यांना काही दिसलं नाही. नवव्या धड्यात मात्र टाकीत एकूण पाणी किती हे काढायचं होतं. तिथे प्रत्येक वेळी सातशेवीस लिटर तुझ्या पुस्तकात आहे आणि टाकीत नाही.

पण तू वर उभा असताना ह्यातलं काही मी बोलले नाही. तूच बोललास. "उपकरण सदोष आहे," म्हणालास. "अशी मोडकी काठी वापरणं हा निव्वळ अडाणीपणा आहे." आणि ते म्हणताना मात्र माझ्याकडे पाहिलंस.

खरं सांगू? तोवर मी डळमळत होते. तुझं ते उघडं पडलेलं तोंड पाहून वाटलं होतं की पुढे व्हावं, काठी हातातून घ्यावी आणि म्हणावं, माझीच चूक, सरांना सांगायचं राहिलं. लहानपणी तुझ्या किती चुका मी अंगावर घेतल्या, शाईची दौत, शेजारची काच, फाडलेलं प्रगतिपुस्तक. अंगवळणी पडलेलं होतं. एक पाऊल टाकलंही होतं. अडाणीपणा म्हणालास आणि ते पाऊल मी मागे घेतलं.

ती पोर तशीच उभी होती. ती थांबली नाही. "सर, तुमच्या पुस्तकात सकाळी सहाला एकशे बेचाळीस लिहिलंय. आणि नवव्या धड्यात टाकीची उंची एकशे पस्तीस. मग पाणी टाकीच्या वर सात सेंटिमीटर उभं होतं का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच.

"बारा काढले तर एकशे तीस येतात, सर. ते बसतात. म्हणजे पुस्तकातले आकडे ह्याच काठीचे आहेत. ते लिहिताना तुम्ही इथे होतात का?"

अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, "मुली, हे तुला कुणी शिकवलं?"

"मावशीने. उदाहरणही तिचंच आहे. आमच्या आधीच्या मुलींच्या वह्यांत हेच आकडे आहेत, पुस्तक निघायच्या आधीचे. मी तारखा पाहिल्या." इतिहासवाली ना ती.

मग तू उतरायला लागलास आणि शिडी हलायला लागली. प्राचार्य टेबलावरच्या फुलदाणीकडे बघत होते. तेव्हा शिडी मी धरली. दोन्ही हातांनी, तू खाली टेकेपर्यंत. मला सूड हवा होता, फ्रॅक्चर नको होतं.

फाटकाशी तू म्हणालास, "ताई, एवढं सगळ्यांसमोर?"

मी म्हटलं, "तूही सगळ्यांसमोरच छापलंस."

तेवढंच आपलं बोलणं झालं. आता मागे राहिलेलं कबूल करते. प्राचार्यांच्या डोक्यात ती कल्पना मीच घातली, चहाच्या कपाबरोबर. गुळगुळीत बूट घालू नकोस म्हणाले ते काळजीने, पण चढ म्हणाले ते काळजीने नाही. पोटभर सूड घेतलाय आणि तो छान लागला. मागून थोडा कडू लागला, तेवढा औषधालाही लागतो.

दुसऱ्याच दिवशी बोर्डावरून नोटीस गेली. चार टाचण्या तेवढ्या राहिल्यात. अध्यक्षबाईंनी वर्ग चालू ठेवायला सांगितलंय, लेखी, शिक्क्यासह. काल गच्चीवर एकेचाळीस जणी होत्या. इतिहासवाली आता पहिली आंघोळ करते आणि नव्या मुलींना ओरडून सांगते, आधी बारा काढा. तिने घरी कळवलंय की बिछाना सोडून ठेवा.

तुझ्या प्रकाशकालाही पत्र टाकलंय. आमच्या एकोणीस जणींच्या सह्या आहेत आणि सोबत जुन्या वह्यांची पानं, तारखांसकट. पदवी नाही म्हणून तो हसेल म्हणालास, तर हसू दे, आधी वाचेल तर. मुखपृष्ठावर नाव आलं की कळव. आभाराच्या पानावर आलं, तर अध्यक्षबाईंना पुढचं पत्र तयार आहे.

गुडघ्याला तेल लावणं सोडू नकोस. निळी वही रजिस्टरने पाठव, कोपरे दुमडू देऊ नकोस.

ह्या पाकिटात एक लाकडाचा तुकडा आहे. पहिल्या पत्रात लिहिलं होतं बघ, स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलेला, तो हा. एका टोकाला शून्य आहे, दुसऱ्या टोकाला बारा. टेबलावर समोर ठेव. पुढची आवृत्ती काढताना माप इथून घ्यायचं.

खिडकीची काळजी करू नकोस. तिला तुझं पुस्तक उभं लावलंय. वारा चांगला येतो.

तुझी ताई